कर्करोग बरा झाला, पण लघवी थांबत नाही

या सदरातून आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, मूतखडा, दमा अशा अनेक दुखण्यांची ओळख करून घेतली. ही दुखणी चारचौघांत बोलता येतात. आजचे दुखणे मात्र असे आहे की बाई ते नवऱ्याला धड सांगत नाही, सुनेला सांगत नाही आणि डॉक्टरांसमोर बसली तरी आधी कंबरदुखीचेच सांगते. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतल्यावर काही स्त्रियांच्या लघवीच्या पिशवीला छिद्र पडते आणि लघवी योनिमार्गातून रात्रंदिवस गळू लागते. या किरणोपचारांनाच आपल्याकडे लोक 'लाईट घेणे' किंवा 'शेक घेणे' म्हणतात. पिशवी आणि योनिमार्ग यांच्यामध्ये पडलेल्या अशा आरपार छिद्राला वैद्यकीय भाषेत फिस्टुला म्हणतात.

आमच्या तालुक्यातील पन्नाशीच्या एक बाई अशाच आल्या होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांचे किरणोपचार पूर्ण झाले होते आणि कर्करोगाचा मागमूस राहिला नव्हता. पण दीड वर्षापासून कपडे सतत ओले. लग्नकार्य, हळदीकुंकू, एसटीचा प्रवास सगळे बंद. रात्री ओसरीवर पोत्यावर निजायचे आणि दिवसभरात जेमतेम दोन पेले पाणी प्यायचे. "आजार गेला डॉक्टर, पण मी माणसांतून उठले," असे त्या म्हणाल्या. 'लाईटचा परिणाम आहे, आता सहन करा' असे त्यांना एके ठिकाणी सांगण्यात आले होते आणि त्यांनी ते खरे मानले होते.

ते खरे नाही. या दुखण्यावर शस्त्रक्रिया आहे. ती सोपी नाही, प्रत्येकीला एकच लागू पडत नाही आणि तिला वेळ लागतो. पण कोरड्या अंगाने जगणे बहुतेक स्त्रियांना पुन्हा शक्य होते.

छिद्र का पडते?

स्त्रीच्या ओटीपोटात जागा थोडी आणि अवयव दाटीवाटीने बसलेले. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भपिशवी व योनिमार्ग आणि मागे गुदाशय. भिंतीला भिंत लागून घरे असावीत तशी ही रचना आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगात साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस असे पाच आठवडे बाहेरून किरण देतात. त्यानंतर किरणोत्सारी द्रव्य योनिमार्गातून आत ठेवून जवळून किरण देतात. रोगाच्या पेशी मारण्यासाठी हा मारा लागतोच. पण शेजारच्या भिंतींनाही त्याची झळ थोडीफार पोहोचते.

ही झळ बारीक रक्तवाहिन्यांना लागते. त्यांचे आतले अस्तर जाड होत जाते आणि काही वाहिन्या हळूहळू बुजतात. विहिरीचे झरे बुजावेत तसे हे आहे. विहीर त्याच दिवशी आटत नाही. रक्तपुरवठा कमी झालेली भिंत पांढुरकी व कडक होत जाते आणि एखाद्या ठिकाणी ती झिजून फाटते. म्हणून हे छिद्र उपचार संपल्यावर काही महिन्यांनी पडते, कधी दोन-चार वर्षांनी, तर कधी वीस वर्षांनीही. "इतक्या वर्षांनी लाईटचा काय संबंध?" असे नातेवाईक विचारतात. संबंध असतो.

हे वाचून कोणी घाबरू नये. किरणोपचार घेतलेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण एक-दोघींच्या वाट्याला हे येते. रोग आधीच पिशवीपर्यंत पोहोचलेला असेल तर प्रमाण वाढते. मधुमेह, उच्च रक्तदाब व धूम्रपान यांनीही धोका वाढतो. पण या भीतीने कोणी किरणोपचार नाकारू नयेत. उपचार न घेतलेला कर्करोग पिशवीची भिंत स्वतःच खातो आणि मग लघवीही गळते व जीवही जातो.

गळणे आणि गळणे यांत फरक आहे

खोकताना, शिंकताना किंवा हंडा उचलताना थोडी लघवी होणे हे वेगळे दुखणे. जोराची लागली आणि मोरीपर्यंत पोहोचेपर्यंत झाली, हेही वेगळे. फिस्टुलात लघवी उठता-बसता, झोपेतही, आपसूक गळत राहते. छिद्र लहान असेल तर थोडी लघवी नेहमीच्या वाटेने होते आणि थोडी गळते. त्यामुळे कित्येकींना ते अंगावरून पांढरे जाणे वाटते. या आधी काही महिने वारंवार लघवीला लागणे, जळजळ, लघवीतून रक्त जाणे अशी लक्षणे अनेकदा दिसतात. किरणोपचार झालेल्या स्त्रीच्या लघवीतून रक्त गेले तर 'उष्णता झाली' म्हणून धणे-जिऱ्याच्या पाण्यावर दिवस काढू नयेत. तपासून घ्यावे.

निदानाची पहिली तपासणी साधी आहे. योनिमार्गात एकावर एक असे तीन कापसाचे बोळे ठेवतात आणि नळीने लघवीच्या पिशवीत निळे औषध सोडतात. वरचा किंवा मधला बोळा निळा झाला तर छिद्र पिशवीला आहे. बोळा भिजला पण निळा झाला नाही, तर मूत्रपिंडाकडून पिशवीकडे येणारी मूत्रवाहिनी फाटलेली असण्याचा संशय येतो. फक्त सर्वांत खालचा बोळा निळा झाला तर लघवी नेहमीच्या वाटेनेच निसटते आहे असे समजतात.

टाके घालण्याआधी तीन प्रश्न

बाळंतपणात किंवा गर्भपिशवी काढताना पडलेल्या छिद्राची गोष्ट निराळी असते. तेथे आजूबाजूची भिंत निरोगी असते आणि चांगल्या हातांनी केलेली पहिली शस्त्रक्रिया नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा यशस्वी होते. किरणांनी झिजलेल्या भिंतीत हे यश बरेच कमी असते आणि कधी दोन-तीनदा शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून येथे घाई चालत नाही. मूत्ररोग शल्यचिकित्सक आधी तीन प्रश्नांची उत्तरे शोधतात.

पहिला प्रश्न : कर्करोग परत आला आहे का? हा सर्वांत महत्त्वाचा. छिद्र किरणांमुळे पडले की उलटलेल्या रोगामुळे, हे वरून पाहून सांगता येत नाही. भूल देऊन दुर्बिणीतून पिशवी तपासतात, छिद्राच्या कडेचा बारीक तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात आणि सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. रोग परतला असेल तर छिद्र शिवून उपयोग नसतो. उपचाराची दिशाच बदलते.

दुसरा प्रश्न : मूत्रवाहिन्या आणि मूत्रपिंडे कशी आहेत? किरणांनी मूत्रवाहिनीही आवळली जाते, लघवी मागे तुंबते आणि मूत्रपिंड फुगते. यात दुखेलच असे नाही. त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन व सोनोग्राफी चुकवू नये. गुदाशयालाही छिद्र नाही ना, हे याच वेळी पाहतात.

तिसरा प्रश्न : पिशवी किती उरली आहे? निरोगी पिशवीत तीनशे-चारशे मिलिलीटर लघवी सहज मावते. किरणांनी आकसलेल्या पिशवीत कधी अर्धा पेलाही मावत नाही. अशा पिशवीचे छिद्र उत्तम शिवले तरी बाईला दर दहा-पंधरा मिनिटांनी उठावे लागणार. मग शिवून काय मिळवले?

याशिवाय भिंतीची झीज जेथे थांबायची तेथे थांबू द्यावी लागते. साधारण सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात. आज शिवलेल्या जागेशेजारचा भाग उद्या झडणार असेल तर टाके निष्फळ ठरतात. नातेवाइकांना हा काळ म्हणजे टोलवाटोलवी वाटते. पण या काळात रक्त वाढवणे, साखर आटोक्यात आणणे, जंतुसंसर्ग घालवणे आणि तंबाखू-मिश्री सोडवणे ही सगळी तयारी असते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

जीर्ण लुगड्याला नुसता टाका घातला तर टाक्याशेजारीच फाटते. किरणांनी झिजलेल्या भिंतीचे तसेच आहे. म्हणून पिशवी आणि योनिमार्ग एकमेकांपासून सोडवून दोन्ही वेगवेगळे शिवतात आणि दोहोंच्या मध्ये शरीराच्या दुसऱ्या भागातील निरोगी मांस आणून बसवतात. हे मांस मुळापासून तोडत नाहीत. त्याची रक्तवाहिनी शाबूत ठेवून ते वळवून आणतात. कोरड्या वावरात पाट काढून पाणी आणावे, तसे त्या जागी नवे रक्त येते.

हे मांस कोठून आणायचे याचे काही मार्ग ठरलेले आहेत. जर्मनीचे डॉ. हाइनरिख मार्टियस यांनी १९२८ मध्ये योनिमार्गाच्या बाहेरच्या ओठातील चरबीचा पट्टा वळवण्याची पद्धत सांगितली. ती आजही वापरतात. पोट न उघडता, खालूनच शस्त्रक्रिया करायची असेल तर ती सोयीची पडते. मांडीच्या आतल्या बाजूचा लांब स्नायूही असा आत आणता येतो. तो काढल्याने चालण्यात विशेष अडचण येत नाही.

पोट उघडून शस्त्रक्रिया केली तर आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा खाली ओढून घेतात. हा पडदा वर, जठराच्या काठाला लोंबलेला असतो. त्याचा रक्तपुरवठा वरून येतो, म्हणजे किरण पडलेल्या जागेपासून दूर, आणि त्यामुळे तो ताजा असतो. मूत्रवाहिनी पुन्हा जोडायची असेल किंवा पिशवी लहान झाली असेल तर पोटाकडूनच जावे लागते. लहान पिशवीला आतड्याचा तुकडा जोडून ती मोठीही करता येते.

आणखी एका शस्त्रक्रियेत योनिमार्गाचा काही भाग किंवा पूर्ण योनिमार्ग बंद करून गळती थांबवतात. पूर्ण बंद केल्यास पुढे पतिपत्नीसंबंध शक्य राहत नाहीत. हे शस्त्रक्रियेच्या आधी स्पष्ट बोलले गेले पाहिजे आणि त्या बाईशी बोलले गेले पाहिजे. पन्नाशी उलटली म्हणजे तिला विचारायची गरज नाही, असे घरच्यांनी गृहीत धरू नये. डॉक्टरांनी तर मुळीच धरू नये.

शस्त्रक्रियेनंतर लघवीची नळी दोन-तीन आठवडे ठेवतात, किरणोपचार झालेल्यांना बहुधा त्याहून जास्त दिवस. या दिवसांत नळी मोकळी वाहती राहणे हे शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे. नळी तुंबली, पिशवी फुगली की ताजे टाके ताणतात. घरी आल्यावर नळीतून दोन तास थेंब आला नाही तर सकाळची वाट पाहू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा. डॉक्टर सांगतील तोवर जड उचलणे आणि पतिपत्नीसंबंध टाळावेत.

शिवणे शक्य नसेल तर

सुरुवातीला उल्लेख केलेल्या बाईंची पिशवी बऱ्यापैकी मोठी होती आणि तुकड्याच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. आठ महिने थांबून पोटाकडून, चरबीचा पडदा घालून त्यांचे छिद्र बंद झाले. दुसऱ्या एका बाईंचे तसे नव्हते. त्यांची पिशवी आकसून गेली होती, दोन शस्त्रक्रिया फसल्या होत्या आणि एक मूत्रपिंड फुगले होते. त्यांना लघवीची वाट बदलण्याचा सल्ला मिळाला.

अमेरिकेतील डॉ. युजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये ही पद्धत रूढ केली. लहान आतड्याचा पंधरा-वीस सेंटीमीटरचा तुकडा रक्तपुरवठ्यासह वेगळा करतात. दोन्ही मूत्रवाहिन्या त्याला जोडतात आणि त्याचे तोंड बेंबीच्या उजव्या बाजूला पोटावर आणतात. तेथे चिकटणारी पिशवी लावायची. लघवी तिच्यात जमते. ती भरली की रिकामी करायची आणि काही दिवसांनी बदलायची. लहान आतड्यावरही किरणांचा परिणाम झाला असेल तर पोटाच्या वरच्या भागातील मोठ्या आतड्याचा तुकडा वापरतात.

"पिशवी लुगड्यातून दिसेल का?" हा त्या बाईंचा पहिला प्रश्न होता. दिसत नाही. वासही येत नाही, मात्र पिशवी नीट बसली पाहिजे. उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते, म्हणून जास्तीच्या पिशव्या जवळ ठेवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च कायमचा असतो. हे सगळे त्यांना आधीच सांगितले होते. तीन दिवस विचार करून त्यांनी होकार दिला. आज त्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसतात आणि शेजारणीला काही माहीत नाही. अशा रुग्णांना मार्गदर्शन करणारी ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत आहे.

पोटावर पिशवी म्हणजे हार, असे अनेक कुटुंबांना वाटते. शिवण्याचा प्रयत्न करायचा की सरळ वाट बदलायची, हा निर्णय पिशवीची स्थिती, तब्येत आणि त्या स्त्रीची इच्छा पाहून घ्यायचा असतो. झिजलेल्या भिंतीवर चौथ्यांदा टाके घेण्यापेक्षा पोटावरची पिशवी कित्येकदा अधिक सुखाची ठरते.

कर्करोग परतला असेल आणि मोठी शस्त्रक्रिया सोसणार नसेल, तर पाठीतून मूत्रपिंडात बारीक नळी घालून लघवी बाहेरच्या बाहेर काढतात. त्याने गळती बरीच कमी होते. शेवटचे दिवस कोरड्या अंथरुणात जावेत, हाही उपचारच आहे.

थोडा इतिहास

फिस्टुलाच्या शस्त्रक्रियेचा पाया अमेरिकेतील डॉ. मॅरियन सिम्स यांनी घातला असे पुस्तकांत वाचायला मिळते. १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात त्यांनी बाळंतपणातून झालेल्या छिद्रांवर चांदीच्या तारेचे टाके घालून यश मिळवले. पण ज्या स्त्रियांवर हे प्रयोग झाले त्या गुलाम होत्या. अनार्का नावाच्या तरुणीवर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली आणि तीही भूल न देता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ मध्ये हलवण्यात आला. आज एखादी स्त्री तासभर भूल घेऊन ही शस्त्रक्रिया करून घेते, त्यामागे ज्यांची संमती कोणी विचारली नाही अशा स्त्रियांचे सोसणे आहे. म्हणूनही संमतीचा मुद्दा वर आवर्जून लिहिला.

घरी घ्यायची काळजी

शस्त्रक्रियेची वाट पाहताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पाणी कमी पिऊ नये. कमी पाण्याने गळणे थांबत नाही. लघवी दाट होते, जास्त झोंबते, वास वाढतो आणि जंतुसंसर्ग व खडे होतात.

२. दिवसातून तीन-चार वेळा साध्या कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करावे. त्यावर झिंक ऑक्साइडचे मलम, व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावावे. डेटॉल किंवा तुरटीने धुऊ नये, कातडी आणखी सोलवटते.

३. मऊ सुती घड्या किंवा तयार डायपर वापरावेत आणि भिजले की लगेच बदलावेत. घड्या उन्हात वाळवाव्यात, लाजेपोटी अंधाऱ्या कोपऱ्यात नव्हे.

४. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे किंवा लघवी एकदम कमी होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

५. किरणोपचारांची सगळी कागदपत्रे जपून ठेवावीत. किती किरण, कोठे व कधी दिले याची नोंद शल्यचिकित्सकाला लागते.

तपासणी व शस्त्रक्रिया वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मूत्ररोग विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात होते. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्यांना भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारावे.

मूळ रोगच वेळेवर सापडला तर

गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग बरीच वर्षे आधी चाहूल देतो. हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या व टाटा मेमोरियलच्या मदतीने, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात केवळ एकदा झाली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी केवळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी केली. तेवढ्यानेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीवरील लस २०२३ पासून मिळू लागली आहे. ९ ते १४ वयाच्या मुलींना ती दिल्यास सर्वाधिक उपयोग होतो. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी तक्रार नसतानाही तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाणे, संबंधानंतर रक्त दिसणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे यांपैकी काहीही असेल तर एक आठवडाही थांबू नये. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सापडलेल्या रोगाला किरणोपचार लागतच नाहीत.

हा लेख पुरुष वाचकांनीही घरात मोठ्याने वाचून दाखवावा अशी विनंती आहे. आपल्या आईला, मावशीला किंवा वहिनीला पूर्वी 'लाईट' दिलेला असेल आणि हल्ली ती माणसांत बसायचे टाळत असेल, तर तिला एकांतात, आपुलकीने एकदा विचारा. ती हो म्हणाली तर पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत दवाखान्यात या.